विडा उचलण्याआधी

पौष लागायच्या आधीच्या रविवारी, बोर्ली पंचतनपासून आत असलेल्या एका गावात, माझ्या भाचीचा साखरपुडा भर दुपारी थांबला. विडा ताटात होता, अंगठ्या डबीत होत्या, जेवण तयार होतं. नवऱ्या मुलाकडची माणसं दोन बस करून उरणहून आली होती. साखरपुडा थांबवला गावकीच्या अध्यक्षांनी. कारण होतं शेतात ठोकलेल्या लाल खुंट्या.

त्याआधीचं सांगायला हवं.

भाची माझ्या बहिणीची एकुलती मुलगी. पनवेलला एका रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. मुलगा उरणकडचा. त्याच्या आईच्या तपासण्यांसाठी तो तिथे यायचा, तिथे ओळख झाली. मुलाला वडील नाहीत, काकांनी वाढवलेलं. काकांच्या मालकीचे ट्रेलर आहेत, बंदरातून कंटेनर उचलणारे, आणि त्या धंद्याचं ऑफिस मुलगा सांभाळतो. आम्ही कुणबी, ते आगरी. दोन्ही घरांनी आधी नाकं मुरडली, मग हो म्हटलं. इथपर्यंत काही वेगळं नव्हतं.

वेगळं वाटलं ते पहिल्या भेटीत. मीही तिथे होतो. पाहुणे ओटीवर बसले, बहिणीने चहा दिला, भाची बाहेर आली. मुलाची आई तिच्याकडे बघत होती. काका ओटीच्या टोकाला उभे राहून घरामागच्या शेताकडे बघत होते.

"विहिरीला मे महिन्यात पाणी असतं का?" त्यांनी माझ्या भावोजींना विचारलं.

"असतं."

"आणि ही वाट? ही तुमच्या हद्दीतून जाते का गावाची?"

"वहिवाटीची आहे," भावोजी म्हणाले.

काकांनी मान हलवली. चहाची बशी हातात तशीच होती. शेतकऱ्याच्या घरी येणारा पाहुणा विहिरीचं पाणी विचारतो, यात काही नाही. पण वाटेची हद्द विचारत नाही. पाहुणे गेल्यावर भावोजींची बहीण, भाचीची आत्या, बशा गोळा करता करता म्हणाली, "पोरगी बघायला आलेला की वावर बघायला आलेला, ह्येच कळंना."

मी तेव्हा पनवेलला एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर नोकरीला होतो. घरातल्या कोणाचंही स्थळ आलं की चौकशी माझ्याकडे यायची, कारण घरात असा समज आहे की बातमीदाराला सगळं कळतं. उरणला एक ओळखीचा वार्ताहर होता, त्याला फोन केला. त्याने दोन दिवसांनी सांगितलं: ट्रेलर खरे आहेत, घर खरं आहे, मुलगा दारू पीत नाही. काकांची जमीन पूर्वीच संपादनात गेली. काकांची स्वतःची मुलगी लग्न होऊन सासरी गेली होती, ती आता माहेरी आहे.

"का?" मी विचारलं.

"ते कोणी सांगत नाही."

हे मी बहिणीला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "जे कोणी सांगत नाही तेच बघायला हवं ना?"

मग साखरपुड्याची बोलणी झाली. त्यांच्याकडून निरोप आला की हॉल नको, मंगल कार्यालय नको, साखरपुडा तुमच्या गावात, तुमच्या शेतात करू. साधा, गावठी पद्धतीचा. डीजे नको, कमान नको, फ्लेक्स नको. सजावटीचा खर्च आमचा.

गावात या निरोपाने खळबळ उडाली. ज्या गावात पोराच्या पहिल्या वाढदिवसाचा फ्लेक्स एस.टी. थांब्यावर लागतो, तिथे ट्रेलरवाल्या माणसाला साधेपणा का सुचावा, हे जो तो एकमेकांना विचारू लागला. उरणकडच्या हळदी सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलेल्या. रस्ता अडेल एवढा मांडव, अंगावर सोनं, पहाटेपर्यंत नाच. अशा घराने पेंढ्यावर बसून अंगठी घालायचं म्हणावं?

एकाने तर्क लावला की कर्ज झालंय. दुसऱ्याने सांगितलं की मुलाचं आधी एक लग्न झालंय, म्हणून गुपचूप उरकायचंय. तिसरा म्हणाला, काशीदकडे लोक आता शेतात लग्न लावायच्या जागा भाड्याने देतात, बल्ब लावून, बैलगाडी उभी करून. मुंबईची माणसं येतात, खूप पैसा आहे त्यात. याला तुमचं शेत त्यासाठी हवंय. साखरपुडा ही रंगीत तालीम.

हा तिसरा तर्क टिकला. कारण भाची एकुलती आहे. भावोजींच्या मागे शेत तिचंच.

भाचीला मी फोनवर विचारलं. ती म्हणाली, "मामा, गावठी करायची हौस त्याची आहे. त्याने कुठेतरी फोटो बघितलेत. काकांना तर हॉलच हवा होता."

"नक्की?"

"नक्की काय असतं? त्याने मला जे सांगितलं ते मी तुला सांगतेय." मग म्हणाली, "हे बघ, गावकीने विडा उचलला नाही तर मी पळूनबिळून जाणार नाही. बाबांना गावात तोंड दाखवायचंय. पण मग दुसऱ्या कोणासाठी पोह्यांचा ट्रे घेऊन उभीही राहणार नाही. एवढं आईला सांग."

मी सांगितलं. 

विड्याचं असं आहे. या गावात मुलाकडचे लोक साखरपुड्याला आले की आधी गावकीसमोर विडा ठेवतात. ताटात पानं, सुपारी, नारळ. गावकीचे अध्यक्ष विचारतात, कुठून आलात, कशाला आलात. पाहुण्यांतल्या मोठ्याने उत्तर द्यायचं, अमक्या घरची मुलगी मागायला आलो. मग अध्यक्ष विडा उचलतात आणि पुढचं सगळं होतं. उत्तर सगळ्यांना माहीत असतं, प्रश्नही माहीत असतो. विडा कधी उचलला गेला नाही असं कोणाला आठवत नाही. पण उचलल्याशिवाय गावातलं एकही घर त्या पंगतीला बसत नाही, आणि लग्नाला मांडव घालायलाही कोणी येत नाही.

भावोजींनी होकार दिला तेव्हा घरामागच्या खाचरात वाल पेरायची वेळ होती. भात निघाल्यावर जमिनीत ओल असते तोवर वाल टाकतात. त्यांनी ते खाचर त्या वर्षी तसंच ठेवलं. शेजाऱ्याने बांधावरून विचारलं, "काय रं, याहीबुवा बोलला म्हनून पीक पन सोडलंस?" भावोजी म्हणाले, "पोरीचं काम हाय."

गुरुवारी, म्हणजे साखरपुड्याच्या आधीच्या गुरुवारी, काका आणि मुलगा छोटा टेम्पो घेऊन गावात आले. भावोजी बोर्लीला बाजाराला गेले होते. बहिणीने चहा ठेवला. काका म्हणाले, जागा बघून घेतो, सजावटवाल्यांना सांगायला बरं. दोघं शेतात गेले, बऱ्याच वेळाने आले, चहा घेऊन निघून गेले. बहीण भाकऱ्या थापत होती, ती शेताकडे गेली नाही.

शुक्रवारी अलिबागहून सजावटवाले आले. एक तरुण बाई आणि तिच्या हाताखालची माणसं. त्यांनी पेंढ्याचे भारे गावातूनच विकत घेतले आणि बसायला म्हणून ओळीत मांडले. मातीचे घडे आणले. कंदील आणले, त्यांत बॅटरीचे दिवे. एक बैलगाडी दुसऱ्या गावाहून भाड्याने आणली, बैलांशिवाय. भावोजींच्या गोठ्याला पत्रा आहे. बाईने विचारलं, पत्र्यावर पेंढा पसरला तर चालेल का, फोटोत गाव दिसायला हवं.

"मग ह्ये काय दिसतंय?" आत्या म्हणाली.

बाई हसली आणि पेंढा पसरला.

शनिवारी सकाळी मी पोहोचलो तेव्हा घरातले सगळे मागच्या दारात उभे राहून शेताकडे बघत होते. आत्या पहाटे बांधावर गेली होती, तिला खुंटी दिसली. लाकडाची, डोक्यावर लाल रंग. मग दुसऱ्या कोपऱ्यात दुसरी. शेताच्या कडेने ठराविक अंतरावर खुंट्या होत्या, वाटेच्या दोन्ही अंगांना होत्या, विहिरीजवळ होती. शुक्रवारी ज्यांना दिसल्या त्यांना त्या सजावटवाल्यांच्या वाटल्या होत्या.

या किनाऱ्यावर लाल खुंटीचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. रस्ता, पाइपलाइन, कंपनी, काहीही यायचं असलं की आधी खुंटी येते, माणूस नंतर. खुंटी दिसली की लोक आधी सातबारा काढतात, मग एकमेकांकडे बघायला लागतात. दुपारपर्यंत निम्मं गाव बांधावर येऊन गेलं. कोणी खुंटीला हात लावला नाही.

मी सजावटवाल्या बाईला विचारलं. तिने आपल्या खुंट्या दाखवल्या. त्या बांबूच्या होत्या, टोकाला चुना लावलेल्या, दिव्यांच्या खांबांच्या जागी.

"लाल तुमच्या नाहीत?"

"नाही. आम्ही आलो तेव्हा होत्या. मला वाटलं, तुमच्याच असतील."

म्हणजे खुंट्या शुक्रवारच्या आधीच्या. भावोजी बुधवारी संध्याकाळी शेताला फेरी मारून आले होते, तेव्हा त्यांना काही दिसलं नव्हतं. उरला गुरुवार. गुरुवारी तिथे कोण गेलं होतं, ते बहिणीला माहीत होतं.

"फोन लावा," ती भावोजींना म्हणाली. "आत्ताच विचारा."

"उद्या साखरपुडा आणि आज विचारू, खुंट्या तुमच्या का? आणि नसल्या तर?"

"नसल्या तर नसल्या."

"मग ते काय म्हणतील? आमच्यावर संशय घेतला, पोरगी ठेवा घरात."

आत्या दारात बसून ऐकत होती. ती म्हणाली, "तू न्हाय इचारायचं आनि तिनं पन न्हाय. इचारायचं काम गावकीचं. ती इचारतेच की."

भाची आतल्या खोलीत होती. दार उघडं होतं. तिने सगळं ऐकलं आणि ती बाहेर आली नाही. मुलाला फोन केलास का, असं मी नंतर विचारलं, तेव्हा म्हणाली, केला नाही. फोनवर माणूस काहीही सांगतो.

रविवारी पाहुणे आले. उरणच्या बायका नऊवारीत, दंडापर्यंत सोनं. आमच्या बाजूच्या बायका दारातून बघत होत्या. "साधं म्हनत व्हते ना?" एकीने विचारलं. "ह्येच त्यांचं साधं," दुसरी म्हणाली.

पेंढ्याच्या भाऱ्यांवर कोणी बसेना. उरणच्या बायकांना साडीतून टोचत होतं. गावातले पुरुष बसले नाहीत, कारण पेंढा गुरांच्या तोंडचा आणि त्यावर बूड टेकायचं नसतं. बराच वेळ सगळे उभेच होते. शेवटी गावकीच्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. सजावटवाल्या बाईने खुर्च्यांना गोणपाट गुंडाळायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

"मटन हाय का?" पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्याने आत्याला विचारलं.

"साखरपुड्याला? मटन हलदीला."

"आमच्याकडं साकरपुरा म्हनजे हलदीची रिहर्सल."

"मंग रिहर्सलीला वालाच्या डालिंब्यांची उसल खावा," आत्या म्हणाली. म्हातारा हसला. त्या दिवशी त्या वेळेपर्यंत तेवढंच हसू झालं.

काका पांढऱ्या शर्टात होते. ते सगळ्यांना नमस्कार करत फिरले. गावातल्या माणसांनी नमस्कार घेतला आणि नजर बांधाकडे नेली. काकांच्या ते लक्षात आलं असावं. ते पुढच्या माणसाकडे वळले.

मग विडा ठेवला गेला. चटईवर एका बाजूला गावकी, समोर पाहुणे. ताट मधे. भाची बहिणीजवळ बसलेली. अध्यक्ष सत्तरीच्या पुढचे, मुंबईत गोदीत नोकरी करून निवृत्त झालेले, हळू बोलणारे.

"पाव्हनं, कुठनं आलाव?"

"उरणहून," काका म्हणाले.

"कशाला आलाव?"

"ह्या घरची मुलगी मागायला."

अध्यक्षांनी विड्याकडे हात नेला नाही.  त्यांनी पुन्हा तेच विचारलं, त्याच आवाजात.

"कशाला आलाव?"

"सांगितलं ना. मुलगी मागायला."

"ते आयकलं. आनि शेतात लाल खुंट्या ठोकल्याव, त्या कशाला?"

पाहुण्यांच्या बाजूने आवाज उठला. कोणीतरी म्हणालं, ह्ये काय बोलनं झालं? मुलाच्या मामासारखा दिसणारा एक जण उभा राहिला. काकांनी त्याला हाताने खाली बसवलं.

"खुंट्या माझ्या आहेत," ते म्हणाले.

 गावाकडून बऱ्याच जणांनी एकदम बोलायला सुरुवात केली. अध्यक्ष थांबले. सगळे गप्प झाल्यावर म्हणाले, "सांगा."

काका उठून उभे राहिले. सांगताना ते भावोजींकडे बघत होते. "माझी पोरगी दिली होती. मोठं घर, पुढे शेत, मागे शेत. लग्नानंतर कलालं, शेत कवाच विकलंय. कागद बघितला होता मी. कागद जुना दाखवला. पैसा घरातल्या भावांनी उधळला, मग माझ्याकडनं आना म्हनून पोरीच्या मागे लागले. पोरगी घरी आली. त्या दिवसापासून मी कागद बघत नाय. जिथं नातं करतो, तिथं जमीन जागेवर हाय का, सांगितली तेवढी हाय का, ते स्वतः मोजतो. गुरवारी मोजली. बास."

"नवऱ्याकडची जमीन मोजा ना," आत्या मागून म्हणाली. "पोरगी घेताय तुमी. आमची कशाला मोजताव?"

यावर पाहुण्यांतल्या काही बायकांनीही माना हलवल्या.

 भावोजींनी विचारलं, "माझी पोरगी एकुलती हाय, म्हनून मोजलीत का?"

"एकुलती हाय ते मला नंतर कलालं."

"नंतर नाही," माझी बहीण म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "पहिल्या भेटीत मी सांगितलं. आम्हाला हिच्यावाचून कोणी नाही म्हणाले. तुमच्या हातात बशी होती."

काका तिच्याकडे बघत राहिले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मी त्या भेटीला हजर होतो. बहिणीने ते वाक्य म्हटलं होतं. काकांनी ते ऐकलं होतं की नाही, हे मला सांगता येणार नाही, ते तेव्हा शेताकडे बघत होते.

अध्यक्षांनी विड्यावरचा नारळ जरा बाजूला सरकवला. एवढंच. पण गावातल्या माणसांना त्याचा अर्थ लागला असावा, कारण मागच्या ओळीतले दोघं निघायच्या तयारीने उठून उभे राहिले.

तेव्हा भाची बोलली. मुलाकडे बघून.

"तुला माहीत होतं?"

मुलगा काकांच्या शेजारी बसला होता. भरजरी कुर्ता, कपाळाला टिळा. 

"टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं," तो म्हणाला.

"आणि मला सांगितलं नाहीस."

"पहिली खुंटी ठोकली तेव्हा मला वाटलं, मांडवाचं माप आहे. विहिरीकडे गेलो तेव्हा कळलं."

"मग?"

"मग धरून उभा राहिलो."

त्याच्या आईने कपाळाला हात लावला. पाहुण्यांतला तो म्हातारा पुटपुटला, "खोटं तरी बोलायचंस, बाला."

भाची म्हणाली, "काढ."

"आत्ता?"

"आत्ताच. तू ठोकल्यास, तू काढ."

मुलगा उठला. चपला पायात घालून शेतात उतरला. पहिली खुंटी त्याने हाताने हलवून काढली. दुसरी निघेना, जमीन वाळून कडक झाली होती. गावातल्या एकाने गोठ्यातून पहार आणून दिली. तो खुंटीच्या मुळाशी पहार घालून उचकटत होता आणि दोन्ही बाजूंची माणसं बांधावर रांगेने उभी राहून बघत होती.

"साखरपुऱ्यालाच नांगराला जुपला," उरणची एक बाई म्हणाली.

"बैल न्हवते ना गाडीला," आमच्याकडची दुसरी म्हणाली. "आता पुरा झाला."

या वेळी बरेच जण हसले. काका हसले नाहीत. पण ते बांधावर येऊन उभे राहिले होते. भाची ओटीवरून सगळं बघत होती.

मुलगा कडेकडेने गेला. वाटेच्या दोन्ही अंगच्या खुंट्या काढल्या, विहिरीजवळची काढली. प्रत्येक खुंटी काढून काखेत धरत होता, कुर्त्याला लाल रंग लागत होता. खालच्या अंगाला, जिथे शेत संपून खाडीच्या पाण्याचं खाजण सुरू होतं, तिथे गवत वाढलेलं होतं. त्याने गवत बाजूला केलं, पहार घातली, दोनदा जोर लावला आणि थांबला. मग वळून ओरडला, "काका, इथे या जरा."

काका गेले. त्यांच्यामागे भावोजी गेले, मी गेलो, अध्यक्ष काठी टेकत आले.

गवतात लाकडी खुंटी नव्हती. लोखंडी सळई होती, बुडाशी सिमेंट, डोक्यावर लाल रंग, तो उडालेला. सिमेंटवर खिळ्याने कोरावा तसा एक आकडा होता.

"ही आमची नाही," मुलगा म्हणाला.

काका गुडघ्यावर बसले. बोटाने सिमेंटवरची माती पुसली. "ही माझी नाय," ते म्हणाले. "ही खरी हाय."

"म्हंजे?" भावोजींनी विचारलं.

"मोजनीची. आमच्या मिठागरात अशाच होत्या. तुमाला नोटीस आली?"

"न्हाय."

"कोन मोजायला आलेला? पावसाच्या आधी, पावसात?"

"मी तरी न्हाय बघितला."

काकांनी भावोजींकडे बघितलं. मघाशी भावोजींनी त्यांच्याकडे ज्या नजरेने बघितलं होतं, तीच ती नजर होती. जमीन जाणार असताना हा माणूस मुलगी देतोय आणि सांगत नाही, असं त्यांना वाटलं असावं. ते तसं बोलले नाहीत. भावोजींनी सळईला हात लावला, हलवून बघितली. त्यांचा चेहरा बघून काका म्हणाले, "व्याही, हिला हात लावू नका. उपटली तर तुमच्यावर केस होते. आमच्यावर झाली होती."

त्यांनी व्याही म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

मुलगा पहार घेऊन उभा होता. अध्यक्षांनी काठीच्या टोकाने सिमेंट टोचून बघितलं. मग म्हणाले, "ह्ये उद्या बघू. वर चला."

सगळे पुन्हा चटईवर बसले. खालच्या अंगाला काय सापडलं ते तोपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. मागच्या ओळीत उभे राहिलेले दोघं अजून उभेच होते. अध्यक्षांनी यावेळी काकांना विचारलं नाही. मुलाला विचारलं.

"आता तू सांग. कशाला आलास?"

"मुलगी मागायला."

"आनि?"

"आणि काही नाही."

अध्यक्षांनी भाचीकडे बघितलं. गावकीत मुलीला विचारायची पद्धत नाही. त्यांनी विचारलंही नाही, फक्त बघितलं. ती म्हणाली, "उचला, आजोबा."

त्यांनी विडा उचलला. उभे असलेले दोघं बसले. अंगठ्या घातल्या गेल्या. मुहूर्त टळून गेला होता, भटजींनी पुढचा चांगला असल्याचं सांगितलं. फोटोवाल्याने मुलाला कुर्त्यावरचा लाल रंग दिसणार नाही असं उभं करायचा प्रयत्न केला. भाची म्हणाली, दिसू दे.

जेवणं दुपार कलल्यावर झाली. गाव पंगतीला बसलं. काकांच्या शेजारचं पान भावोजींचं होतं. मी वाढत होतो, त्यामुळे त्यांचं बोलणं तुटक ऐकलं. काका विचारत होते, खाजणाच्या पलीकडे कोणाची जमीन आहे, तिथे खुंटी आहे का, कोणी बाहेरचा माणूस येऊन गेला का. भावोजी एकेका शब्दात उत्तरं देत होते. बहिणीने काकांच्या पानात जिलबी वाढली. त्यांनी "पुरे" म्हटलं, तरी तिने आणखी एक वाढली. 

पाहुणे निघताना आत्याने मला बाजूला घेतलं. "लाकडाच्या त्याच्या व्हत्या, ह्ये खरं," ती म्हणाली. "लोखंडाची त्याची न्हाय, ह्ये कशावरनं?"

सळई जुनी होती, रंग उडालेला होता, बुडाशी गवताची मुळं गेली होती. मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "मुळं काय, कुठंबी जातात."

काका त्या दिवशी उरणला परत गेले नाहीत. रात्री मुलाला आणि बाकीच्यांना पाठवून ते बोर्लीला ओळखीच्यांकडे राहिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते, भावोजी आणि मी श्रीवर्धनला भूमी अभिलेखच्या कचेरीत गेलो. तिथल्या माणसाने गट नंबर विचारला, आत जाऊन आला आणि म्हणाला, या गटात मोजणीची नोंद नाही. सळईचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. त्याने फोटो मोठा करून बघितला आणि लेखी अर्ज द्या म्हणाला. अर्ज मी लिहिला. भावोजींनी सही केली. काकांनी पोच मागितली, शिक्का नीट उठला नाही म्हणून दुसऱ्यांदा मारून घेतला.

तलाठ्याला विचारलं, त्याने आपल्याला माहिती नसल्याचं सांगितलं. गावकीने आजूबाजूच्या शेतांची पाहणी केली. खाजणाच्या कडेने आणखी सळया सापडल्या, त्या तीन वेगवेगळ्या घरांच्या जमिनीत होत्या. त्या कोणी आणि कधी बसवल्या हे कोणालाच सांगता आलं नाही.

लग्न वैशाखात झालं, दारातल्या मांडवात. अर्जाला अजून उत्तर आलेलं नाही.